वाळ्याची ताटी आणि पूर्वेची खिडकी

आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात मोठ्यानं काय बोललो असेन, तर "दार लावा!"

चिंचवड स्टेशनापासून थोड्या अंतरावर बटाट्याचं एक शीतगृह होतं. चाकण-खेडकडचे शेतकरी फाल्गुनात बियाण्याच्या गोण्या आणून ठेवत आणि पाऊस लागला की लागवडीला घेऊन जात. मधला सगळा उन्हाळा त्या बटाट्यांना गारव्यात ठेवण्यासाठी मला पगार मिळे. बाहेर फॅरनहाइटचा पारा शंभराच्या वर चढलेला असताना आत तो चाळिसाच्या खाली असायचा, आणि या दोन्हींच्या मध्ये वीतभर जाडीचं, बुचानं भरलेलं एक दार होतं. हमाल पाठीवर गोणी घेऊन आत शिरला रे शिरला की मी ओरडायचो. त्याचा एक पाय अजून बाहेर असायचा तरी ओरडायचो. घरी जेवताना बायकोनं स्वयंपाकघराचं दार ढकललं तरी माझ्या तोंडून तेच निघायचं. ती म्हणायची, "अहो, आत पिठलं आहे. बटाटे नाहीत."

माझं दुसरंही एक काम होतं, आणि त्याचा मला जास्त अभिमान होता. रोज सकाळी सहाला गोदामाचे समोरासमोरचे झरोके अर्धा तास उघडायचे. यंत्र बसवायला आलेल्या फिटरनं मला हे शिकवलं होतं. बटाटा जिवंत असतो, तो श्वास घेतो. नुसता गार ठेवून भागत नाही. कोंडला तर वरून टणक, तुकतुकीत दिसतो आणि कापला की आत काळा. हे मी शेतकऱ्यांना इतक्या गंभीरपणे समजावून सांगत असे, की एकदा एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मला विचारलं, "सायब, मग त्येंना झोप बी लागती का?"

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढं जे सांगायचं आहे ते अडाणीपणातून झालं असं कुणाला वाटू नये. मला सगळं माहीत होतं.

एका वर्षी थंडीत आई गेली. आबा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटे राहिले. ते पोस्टमन होते. तीस वर्षं नऊ गावांचं टपाल पायी वाटलं, छत्री न घेता. निवृत्त झाल्यावर त्यांना दम्यानं धरलं. मी त्यांना आमच्याकडे कायमचं बोलावलं, तेव्हा त्यांचं कार्ड आलं. पोस्टमनचं कार्ड, एकही शब्द वाया न घालवलेलं: "एक उन्हाळा राहून बघतो. झेपला तर राहतो. नाही तर इथंच बरा."

एका उन्हाळ्यावर सगळं ठरणार होतं. आबांनी आमच्याकडे राहावं असं मला मनापासून वाटत होतं. हे मी आज चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही. आई शेवटी आजारी होती तेव्हा मी रजा टाकली नव्हती, बटाट्याच्या आवकीची तयारी चालली होती. ती भरपाई मला करायची होती.

आमचं घर म्हणजे कंपनीच्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या. वर सिमेंटचे पत्रे. चैत्रात दुपारी त्या खोल्यांत पापड भाजायला विस्तव लागला नसता. आबांसाठी हा उन्हाळा गार करायचा, हे मी ठरवलं आणि इथं माझ्यातला सुपरवायझर जागा झाला.

आमच्या मॅनेजरांच्या टेबलावर एक अमेरिकन मासिक येत असे. मॅनेजर म्हणजे वैशाखातही कोट न काढणारे गृहस्थ. त्या मासिकात एका घराचं चित्र होतं. खिडकीत पेटीएवढं यंत्र बसवलेलं, नवरा पेपर वाचतोय, बायको विणतेय, आणि कुत्रासुद्धा हसतोय. वर लिहिलं होतं, घरगुती एअर कंडिशनिंग. मी ते चित्र पंधरा दिवस डोक्यात घेऊन फिरलो. यंत्र मिळणार नव्हतंच. पण थंडीचं शास्त्र तर माझ्या हातात होतं! गोदाम गार राहतं ते कशामुळे? थंडी आत घ्यायची आणि बाहेर जाऊ द्यायची नाही.

शिवरात्रीपासून मी तयारीला लागलो. मावळातल्या भाताच्या गिरणीतून तूस आणलं, ते गोणपाटात भरून पत्र्याखाली छतभर बांधलं. पश्चिमेच्या खिडकीला पुण्याच्या बुरुडाकडून बनवून आणलेली वाळ्याची ताटी बसवली. दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो. तो ओल्या वाळ्यातून गार होऊन आत येणार. ताटीवर पाणी शिंपडायला खिडकीबाहेर डबा टांगला, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. आत टेबलफॅन. आणि मग माझ्या मते सगळ्यात शास्त्रीय काम केलं. समोरची, पूर्वेची खिडकी बंद करून तिच्या फटींत गोणपाट ठासला आणि वरून डांबर फिरवलं. मागच्या दाराच्या उंबऱ्यालाही चिंध्यांची वळी लावली. आत आलेली थंडी आता जाते कुठं!

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, इथं माणसं राहायची आहेत की बटाटे?"

"बटाटे बरे," मी म्हणालो. "मध्ये बोलत नाहीत."

काळेवाडीहून नदी ओलांडून एक बाई आम्हाला दूध घालायला येत. चार म्हशी, पाच पोरं आणि सगळ्या जगाबद्दल एक मत. त्यांनी चरवी खाली ठेवली, ताटीला हात लावला, वास घेतला, मग आत डोकावून डांबरलेली खिडकी पाहिली.

"आवं दादा, वाऱ्याला यायाला वाट ठिवली. जायाला कुटं हाय?"

"जायचं कशाला त्याला? मुद्दाम कोंडलाय."

"वारा काय पाव्हणा हाय व्हय, आत येऊन पाटावर बसाया? म्होरनं वाट न्हाई म्हनल्यावर त्यो दारातनंच माघारी फिरतूया. आमी म्हशीच्या गोठ्याला बी समूरासमूर भोकं ठिवतो."

"मावशी," मी हसून म्हणालो, आणि ते हसू आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं, "हे गोठ्याचं काम नाही. शास्त्र आहे."

"न्हाई का? बरं बरं. दूध मापटं दिऊ का अच्छेर?"

आबा गुढीपाडव्याच्या आधी आले. एक वळकटी, एक कंदील आणि खिशात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. खोलीत शिरले, छताकडे बघितलं, ताटीकडे बघितलं. मी गोदामातून आणलेला थर्मामीटर त्यांना दाखवला. बाहेर नव्व्याण्णव, आत एकोणनव्वद.

"दहा अंश, आबा!"

"वा," आबा म्हणाले. "गार आहे हो."

पहिले चार-पाच दिवस मी त्या थर्मामीटरची पूजा करायचा तेवढा बाकी होतो. पण खोलीत दुसरंही बरंच काही घडत होतं, ते थर्मामीटरवर दिसत नव्हतं. भिंतींना घाम सुटला. मीठ बरणीत चिखलासारखं बसलं. काडेपेटीची काडी ओढली की मऊ होऊन वाकायची. बायकोनं कडक वाळवून भरलेल्या कुरडया हातात घेतल्या की रबरासारख्या लोंबायच्या. तिनं त्यातली एक माझ्या ताटात तशीच वाढली आणि म्हणाली, "घ्या, एअर कंडिशन." वरून तुसाची बारीक धूळ गळत होती. पंखा तीच हवा गरागरा फिरवत होता, बोळातल्या कुत्र्यानं आपलंच शेपूट पकडावं तशी. ताटीचा डबा भरायला बायको चाळीच्या टोकाच्या नळावरून दुपारभर बादल्या आणत होती. तिचा दुपारचा गारवा तो एवढाच.

आबांना दुपारी अकरा ते पाच आत बसवायचं असा नियम मी केला. ते बसत. तक्रार हा शब्द त्यांच्या झोळीत कधी आलाच नव्हता. पण तीस वर्षं चाललेला माणूस दर अर्ध्या तासानं काही ना काही निमित्तानं उठे. "जरा पोस्टात कार्ड टाकून येतो." "सूनबाई, बादली मी आणतो." "बाहेर कुणी हाक मारली का रे?" प्रत्येक वेळी दार उघडे आणि थर्मामीटर एक अंश चढे. एका रविवारी ते दारात उभे राहून, एक पाय ओट्यावर ठेवून, नुसते बाहेर बघत होते. मी आतून ओरडलो, "दार लावा!"

हमालांना ओरडायचो त्याच आवाजात. आबांनी पाय आत घेतला आणि हळूच दार लावलं. "विसरलोच बघ," ते म्हणाले. बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. एवढंच झालं.

मी कंपनीत इतकी बढाई मारली होती, की पुढच्या रविवारी दुपारी मॅनेजर सपत्नीक बघायला आले. त्यांच्यासाठी मी ताटी दोनदा भिजवली, दाराच्या फटीत आणखी चिंध्या कोंबल्या आणि आबांना नवा सदरा घालून खुर्चीत बसवलं. शब्द टोचतो, पण खरा आहे: नमुना म्हणून बसवलं. मासिकातल्या चित्रात नवरा पेपर वाचत होता. मी आबांच्या हातात पेपर दिला.

दार लागलं. पाच माणसं, एक स्टोव्ह, चहा. मॅनेजरांच्या कपाळावर थेंब जमले, ते मिशीत उतरले. कोट मात्र निघेना.

"वा, वा," ते म्हणाले. "अगदी महाबळेश्वर!"

"इश्श, खरंच," त्यांच्या बाई पदरानं वारा घेत म्हणाल्या.

"दहा अंश, सर. कधी कधी अकरा."

"वडिलांचं काय मत?"

आबा पेपरामागून म्हणाले, "गार आहे. फार गार."

त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, कारण मी वाळ्याच्या काडीतून पाणी कसं झिरपतं ते समजावून सांगत होतो. ते खोकला दाबत होते. माझ्या साहेबापुढे खोकून माझं हसं होऊ नये म्हणून दाबत होते. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. मला वाटलं, आणखी पाच मिनिटं.

मॅनेजरांनी दहा मिनिटांत चहा संपवला आणि बाहेर जाऊन शंभर अंशाच्या उन्हात इतका मोठा श्वास घेतला की तो आतपर्यंत ऐकू आला. मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेलो. माघारी आलो तेव्हा आबा खुर्चीतून उठले होते आणि पूर्वेच्या खिडकीला दोन्ही हातांनी ढकलत होते. ओठ निळसर. खिडकी हलत नव्हती. माझं काम पक्कं असायचं. बायकोनं त्यांना धरून मागच्या दारानं बाहेर नेलं, कडुलिंबाखाली बसवलं, पाठ चोळली. तासाभरानं धाप थांबली. त्यांच्या तळहातांना डांबर लागलं होतं. ते मातीनं घासत आबा मला म्हणाले, "माझं वय झालं रे. तू एवढं केलंस. पण उन्हाळा नाही झेपत. परवाच्या गाडीनं जातो."

मी "बघू" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे गोदामाचे झरोके उघडले. पश्चिमेचे, मग पूर्वेचे. आतून हवेची लाट निघाली, माझ्या तोंडावरून गेली, आणि मी हातात झरोक्याचा लोखंडी आकडा धरून तसाच उभा राहिलो. हजारो गोण्या समोर रचलेल्या. प्रत्येकीला रोज अर्धा तास श्वास. चाकणच्या कुठल्याही बटाट्याला मी माझ्या बापापेक्षा बरं वागवत होतो.

दुपारची सुट्टी होताच घरी पळालो. सांगायचं काय, तेही वाटेत घोकलं: आबा, चुकलं. खिडकी मी बंद केली होती. आता उघडी ठेवतो. राहा.

पोचलो तर खिडकी उघडी! दूधवाल्या बाईंनी आपल्या विळ्यानं डांबर आणि गोणपाट खरवडून काढला होता, बायकोनं आतून धक्के दिले होते. दोघी ओट्यावर बसून ताक पीत होत्या. खोलीतून वाळ्याच्या वासाचा वारा सरळ आरपार वाहत होता, विहिरीच्या पायरीवर लागतो तसला. छताखालची तुसाची पोतीही खाली आली होती. आबा खिडकीजवळ जमिनीवर मांडी घालून बसले होते, सदऱ्याची बटणं सोडून. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मला पहिल्यांदा गावातल्यासारखा दिसला.

"आता रे काय झ्याक वाटतंय," ते म्हणाले. "ही खिडकी आधी का नाही उघडलीस?"

दूधवाल्या बाई ओट्यावरून म्हणाल्या, "इचारा, इचारा. शास्त्र हाय म्हनं त्येचं."

त्या हसल्या. बायको पण हसली, ओठ मिटून. आणि घोकलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. गवळणीपुढे, बायकोपुढे, गोठ्याचा हिशोब मला कळला नाही असं कबूल करायचं? मी थर्मामीटरकडे गेलो, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणालो, "आज वारा तसा आहे म्हणून चालतंय, आबा. रोज नाही उघडी ठेवता येत. पूर्वेची झळ आत येते. बरंच गणित असतं त्याचं."

आबांनी मान हलवली. मुलगा शिकलेला, गोदाम सांभाळणारा. त्यांनी माझं बोलणं सरकारी तारेसारखं खरं धरलं.

"असं होय. मग राहू दे," ते म्हणाले. "माझ्या एकट्यासाठी तुझं शास्त्र कशाला मोडायचं?"

बाईंनी ताकाचा गडू खाली ठेवला. बायको उठून आत गेली. ती मला कधीच काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, असं म्हणून तिच्यावर ढकलायचाही मी काही वर्षं प्रयत्न केला.

मंगळवारी दुपारी आबांना चिंचवड स्टेशनवर सोडलं. गाडीला उशीर होता. पाऊण तास आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. पाऊण तासात माणूस घोकलेले अकरा शब्द बोलू शकतो. मी त्यांना रुळांमध्ये खडी का घालतात ते सांगितलं.

गाडी हलताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. रेघांत अजून काळं डांबर होतं.

आमची ती पूर्वेची खिडकी त्या दिवसापासून कधी बंद झाली नाही. दर उन्हाळ्यात बायको मला न विचारता ताटी बांधते, डबा टांगते आणि समोरची खिडकी सताड उघडते. खोली अशी गार होते की शेजारपाजारचे दुपारी निजायला येतात. मॅनेजरही एकदा येऊन गेले, कोट काढून बसले आणि म्हणाले, "सुधारणा बरीच केलीत हं." मी "हो, थोडी" म्हणालो.

आबांचं कार्ड दर वर्षी पाडव्याच्या सुमारास येई. त्यात त्यांची प्रकृती एका ओळीत, गावाची खबर एका ओळीत, आणि खाली: "यंदा खिडकी उघडण्याजोगा वारा आहे का? असल्यास कळव. येऊन राहीन."

सहा वर्षं हे कार्ड आलं. सहाही वेळा मी ताबडतोब उत्तर दिलं, तेवढा मी कर्तव्यदक्ष आहे. शेवटचं उत्तर लिहिलं ती दुपार मला नीट आठवते. ताटी भिजलेली होती, समोरची खिडकी उघडी होती, आणि वारा इतका, की कार्ड टेबलावर ठरेना. मी एका कोपऱ्यावर बटाटा ठेवला, दुसरा अंगठ्यानं दाबला आणि लिहिलं: "तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. यंदाही तसा वारा नाही."